दुपारचा दात

पहिल्यांदा वाटलं, पुण्याचा सर्व्हर खोटं बोलतोय.
चार ठिकाणी वेळ विचारतो आम्ही, दर चौसष्ट सेकंदांनी;
तिघांचं जमतं, चौथ्याचं जमत नाही,
मग चौथा बाद.
पण त्याला काढूनही आलेख तसाच:
सकाळी सपाट, अकरानंतर चढ,
दिवेलागणीला उतार,
अंगात मुरलेल्या तापासारखा.

इरण्णा बिराजदार फोनवर म्हणाले, फर्मवेअर बदला.
बदललं.
केबल बदलली, पोर्ट बदलला,
शेवटी हात भिंतीला लागला आणि चटका बसला.

बँकेचा पहिला मजला, अशोक चौकाच्या अंगाला,
पश्चिमेची भिंत, मे महिना, पारा त्रेचाळीस.
भिंतीला पाठ लावून उभं रॅक,
त्याच्या पोटात डाळीएवढा स्फटिक
जो गरम झाला की जरा वेगळा थरथरतो.
एवढंच. कुणी खोटं बोलत नव्हतं.
उकडत होतं.

चढ कळला. बारीक करवत कळली,
एसीचा कॉम्प्रेसर लागतो, सुटतो, लागतो.
रात्री दोनचा काटा बॅकअपचा.
राहिला एकच दात:
दुपारी एक चाळीसला, वीसेक मिनिटांचा,
दीड मिलिसेकंद उंच.
रविवारी नाही.

रविवारी सुट्टी घेणारा बिघाड
मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

मंगळवारी रॅकमागे स्टूल टाकून बसले.
एक अडतीस. वॉचमन सायबण्णाच्या किल्ल्या वाजल्या.
दार अर्धं उघडलं, आणि उंबऱ्यावर
रिकामी टोपली मांडीशी घेऊन
नरसव्वा टेकली, पाय आतल्या गारव्यात,
पाठ बाहेरच्या उन्हाला.
पूर्ण आत येत नव्हती. दार आपोआप लागतं म्हणे.
मला पाहून दचकली, मग उठायच्या आधी
एकच शब्द म्हणाली, जणू तोच पास:
"सल्लगा."
गार आहे.

मागच्या गल्लीत विडी कारखान्याची शाखा.
हजार विड्या मोजून द्यायच्या,
तपासणारा बोटांनी चाचपतो,
सैल, वाकडी, पानाला भोक: छाट.
"किती गेल्या आज?"
तिने टोपलीच्या तळातला कागद उलगडला.
ऐंशी.
मला आमचा चौथा सर्व्हर आठवला,
ज्याचा काहीच दोष नव्हता.
बाहेर आले आणि त्याला परत यादीत घेतलं.

नोंदवहीत लिहिलं:
कारण, तापमान. उपाय, थर्माकोलचं खोकं, रॅकची जागा बदलली.
औषधाच्या दुकानातून आणलेलं खोकं, त्यावर अजून
"थंड जागी ठेवा" असं लिहिलेलं.
घड्याळाला धक्का देऊन सरळ करायचं नसतं,
हळूहळू ओढून आणायचं,
नाहीतर मागे गेलेल्या एका क्षणात
कुणाच्या खात्यातून पैसे निघण्याआधीच जमा होतात.
ओढत राहिले आठवडाभर.

आता चढ चढासारखा दिसतही नाही.
दात आहे, एक चाळीसला,
पण तांदळाच्या कणीएवढा. नियमात बसतो.
इरण्णा विचारतात, हे काय राहिलं?
मी म्हणते, खोलीचा श्वास आहे, साहेब.
त्यांना आवडलं नाही उत्तर. पुढे विचारलंही नाही.

एक गोष्ट मात्र अजून जुळत नाही मला.
घड्याळ असं धरून चालतं
की जायला जेवढा वेळ, यायलाही तेवढाच;
फेरी मोजतं, दोनाने भागतं,
आणि त्या निम्म्यावर विश्वास ठेवतं.
नरसव्वा भरल्या टोपलीने पंधरा मिनिटांत येते,
हजार विड्यांचं वजन डोक्यावर.
परत जाते ऐंशी घेऊन,
आणि पाऊण तास लागतो.